वरचा, बाहेरचा कोपरा

विद्यार्थिनींना मी उशीवर शिकवते.
कोळशानं एक उभी रेघ, एक आडवी,
चार घरं.
हे सोडा. हेही सोडा. हे तर सोडाच.
वरचं, बाहेरचं, तेवढंच आपलं.
त्या हसतात : उशीला कुल्ले असतात का, सिस्टर?
उशीला नस नसते, एवढंच मी म्हणते.

मोठ्या माणसात ती अंगठ्याएवढी जाड.
कंबरेतून निघते, मांसाखालून उतरते,
तळपायापर्यंत निरोप नेते :
ऊठ. टाच टेक. चवडा उचल.
पण तापानं खाल्लेल्या चार वर्षांच्या पोरात
मांस असं कितीसं असणार
तिच्यावर पांघरायला?

ओचोमचं वजन अकरा किलो होतं.

त्या रात्री रांग दारापासून आंब्यापर्यंत,
कंदिलात रॉकेल बोटभर,
आणि क्योगाच्या दलदलीवरून डासांची दुसरी रांग.
त्याच्या आईनं, अमुगेनं, त्याला मांडीवर पालथं धरलं.
तो लाथा झाडत होता.
रेघा मी मनात काढल्या,
घाईनं, तिरक्या.

सुईला रडणारी पोरं मी आयुष्यभर ऐकली.
ती रड सुईआधीच लागते
आणि कसाव्याच्या तुकड्यानं थांबते.
ही तशी नव्हती.
सुई आत गेल्यावर ती आली, एकदाच,
कुल्ल्यापासून टाचेपर्यंत पोर ताठ झालं,
जणू आतून कुणी तार ओढली.

तिथं थांबायचं असतं.
सुई मागं घ्यायची असते.
मी दट्ट्या शेवटपर्यंत दाबला.
क्विनीनचे चारच डोस उरले होते,
वाया कसं घालवायचं, असं वाटलं.
असं वाटलं.

ताप उतरला. पोर जगलं.
दहाव्या दिवशी अमुगे त्याला पाठीवर घेऊन आली,
डावं पाऊल लोंबत होतं,
दोरीवर विसरलेल्या फडक्यासारखं.
मी म्हटलं, तापानं झालं.
गावही म्हणालं, तापानं झालं.
रजिस्टरात आजही आहे, माझ्याच अक्षरात :
क्विनीन, एक. सुधारणा चांगली.

पुढं मी धुळीत त्याला वाचत राहिले.
उजव्या पायाचा ठसा,
मग एक रेघ.
ठसा, रेघ,
बोअरवेलपर्यंत, शाळेपर्यंत,
मग बाजारापर्यंत, जिथं तो आता
ट्रकच्या टायरच्या चपला करतो.
स्वतःच्या डाव्या चपलेला चवड्याखाली
दुहेरी टायर लावतो,
तरी आधी तिथंच झिजते.

सत्तावीस वर्षं मी प्रत्येक तुकडीला सांगितलं :
"एक मुलगा होता."
नाव कधी घेतलं नाही.

काल तो आला, मुलगी खांद्यावर,
कान तापलेले, मान टाकलेली.
मी सिरिंज भरली.
त्यानं विचारलं नाही, कुठं देणार.
मुलीला मांडीवर उताणी घेतली,
आपला तळहात तिच्या कुल्ल्याखाली सरकवला
आणि तिथंच ठेवला, झाकणासारखा.

मांडीत देणार आहे, मी म्हटलं,
पुढून, बाहेरच्या बाजूला. आता तसंच देतात.
तो म्हणाला, "ठाऊक आहे."
थोड्या वेळानं :
"आई सांगायची, सुई निघाली तेव्हाच पाय गेला."

म्हणजे अमुगेला ठाऊक होतं.
दर पिकाला ती मला भुईमूग आणून देत होती,
आणि मी घेत होते.

मुलगी रडली,
साधी, सुईची रड, तुकड्यानं थांबणारी.
मी तिचा अंगठा चिमटला.
तिनं पाऊल झटकन ओढून घेतलं.
पुन्हा चिमटला.
पुन्हा ओढलं.
"पुरे, सिस्टर," ओचोम म्हणाला.

जाताना तो माझ्या पायांकडे बघत होता,
मापं घेतल्यासारखा.
"एयालामा," म्हणाला, आभार,
आणि उतरणीला लागला.

मी दारात उभी राहिले.
ठसा, रेघ,
ठसा.
सांगायचं होतं ते अजून तोंडातच आहे.
दुपारी विद्यार्थिनी यायच्यात.
उशीवरचा कोळसा मी अजून धुतलेला नाही.